प्रत्येकाला एकच पान

गेल्या काही वर्षांत आमच्या छोट्या वसाहतीतली बरीच माणसं गेली. काही वयाने, काही आजाराने, एक-दोघं अगदी अचानक. त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची असं बैठकीत ठरलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पूर्वी मुद्रितशोधन करायचे, एवढीच माझी पात्रता.

पहिला वाद पानांवरून झाला. वसाहत उभी करणाऱ्या संस्थापकांना चार पानं, माजी पदाधिकाऱ्यांना दोन-दोन, बाकीच्यांना अर्धं पान आणि शेवटी ‘यांचेही स्मरण’ अशी नावांची यादी, असा आराखडा एका काकांनी आणलाच होता. माझं म्हणणं होतं, सगळ्यांना एक पान. कमी नाही, जास्त नाही. ‘असं कुठे असतं का?’ असा प्रश्न आला तेव्हा मी पहिल्या महायुद्धातल्या कबरींचं उदाहरण दिलं. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरींसाठी 1917 मध्ये एक आयोग नेमला गेला. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी 1918 च्या अहवालात त्याला सुचवलं, की सेनापती असो वा साधा शिपाई, शिळा एकाच आकाराची हवी. घरच्यांना स्वतःचे शब्द कोरून घ्यायचे असतील तर तेही 66 अक्षरचिन्हांत बसवायचे. त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. श्रीमंत घरांना आपल्या मुलासाठी वेगळं स्मारक हवं होतं, पण आयोग हटला नाही.

हे उदाहरण बैठकीत चाललं. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध मी तेव्हा सांगितला नाही आणि तोच मला पुढे जास्त उपयोगी पडला. त्याच आयोगाने 2021 मध्ये एका अहवालातून जाहीरपणे मान्य केलं, की आफ्रिका आणि आशियातल्या हजारो सैनिकांच्या वाट्याला ही समानता आलीच नव्हती. कित्येकांची नावं कुठेच कोरली गेली नव्हती. म्हणजे शिळा सारख्या होत्या, पण कुणाच्या नावाने शिळा उभारायची हे ठरवतानाच भेद झाला होता.

आमचंही घोडं यादीपाशीच अडलं. रहिवासी म्हणायचं कुणाला? आयुष्यभर इथे राहून शेवटची दोन वर्षं मुलाकडे गेलेल्या आणि तिकडेच वारलेल्या आजी आमच्या की तिकडच्या? मुलीने शेवटच्या आजारपणात इथे आणलेले, जेमतेम काही महिने राहिलेले आजोबा? भाडेकरू? एका घरात राहून म्हाताऱ्या मालकिणीची सेवा करणाऱ्या आणि तिच्या आधीच गेलेल्या बाई? घर नावावर असणं ही अट लावली असती तर निम्म्या बायकाच यादीतून गळाल्या असत्या. शेवटी मी एक साधा नियम मांडला: ज्यांना वसाहतीतलं घराबाहेरचं कुणीतरी हाक मारत होतं, ते आपले. हाक मारायला नाव माहीत असावं लागतं आणि ते माणूस ओ देईल याची खात्रीही. नियम मान्य झाला. काकांनी मान हलवली, पण तोंड वाकडं करूनच.

या नियमात एक नाव बसत नव्हतं. जन्मून काही दिवसच जगलेलं एक बाळ. त्याला घराबाहेरच्या कुणी हाक मारण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्या आईला विचारावं की विचारू नये या विचारात असताना तीच आली आणि म्हणाली, ‘त्याचंही पान आहे ना?’ आहे, म्हटलं. तिने पाच ओळी दिल्या. उरलेलं पान कोरं ठेवायचं, तिथे फूल, पणती वगैरे काही छापायचं नाही, हेही तिनेच सांगितलं.

मग माणसांकडे जायला लागले. दुःख ताजं असताना जाऊ नये हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण फार उशीर केला तर वेगळीच पंचाईत होते. तोवर घरात आठवणींची एक अधिकृत आवृत्ती तयार झालेली असते. पहिल्या दहा मिनिटांत तीच ऐकायला मिळते: मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी, कष्टाळू, कुणाला कधी दुखावलं नाही. सुरुवातीच्या चार-पाच घरांतून मी जे टिपून आणलं त्यात नावं बदलून टाकली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

दोष सांगणाऱ्यांचा नव्हता, प्रश्नांचा होता. ‘कसे होते हो ते?’ असं विचारलं की विशेषणच येणार. आणि ‘फार प्रेमळ होते ना?’ असं विचारलं तर ‘हो’शिवाय दुसरं काय येणार? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्नात धडकेसाठी जास्त जोरकस क्रियापद वापरलं की लोक वेग जास्त सांगत. आठवड्याने विचारलं तर जोरकस क्रियापद ऐकलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना फुटलेल्या काचाही आठवत होत्या. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल विचारताना आपण दर वाक्यागणिक अशा काचा पेरत असतो.

म्हणून प्रश्न बदलले. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? हातात कायम काय असायचं? कशावरून चिडायचे? न विचारता कुणाच्या घरात शिरायचे? कोणतं काम दुसऱ्याला कधीच करू द्यायचे नाहीत? या प्रश्नांना विशेषणाने उत्तर देता येत नाही. एका घरात ‘शिस्तप्रिय’ या शब्दावर अर्धा तास अडकलेलं बोलणं ‘कशावरून चिडायचे?’ म्हटल्याबरोबर सुटलं. वर्तमानपत्र आपल्या आधी कुणी उघडलं की ते चिडायचे. उघडून परत जशीच्या तशी घडी घातली तरी त्यांना कळायचं. मुलगी हे सांगताना हसत होती आणि मग एकदम म्हणाली, ‘अजून मी पेपर दुपारनंतरच उघडते.’ त्या पानाची सुरुवात मला तिथेच मिळाली.

वस्तू समोर असली की बोलणं सोपं जातं. कपाटातला खण, चष्म्याचं घर, जुनी डायरी, हत्यारांची पेटी. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी परवानगी घ्यायची, हे मी कटाक्षाने पाळलं. पण खरं बोलणं बहुतेक वेळा मुद्रण बंद केल्यावर, दारात चप्पल घालताना निघतं. अशा वेळी मी तिथेच विचारायचे, ‘हे लिहिलं तर चालेल का?’ चालत नसेल तर विषय संपला. दोन भावंडांना एकत्र बसवून कधी विचारू नये, हेही लवकरच कळलं. मोठा बोलतो, धाकटा माना डोलावतो आणि धाकट्याचे वडील मोठ्याच्या वडिलांपेक्षा पार वेगळे निघतात. सवड काढून त्याच्याकडे स्वतंत्रपणे गेलं तरच ते कळतं.

आठवणींचा आणखी एक खोडसाळपणा असतो. म्हातारी माणसं आपल्या मित्राबद्दल बोलायला लागली की तरुणपणात जाऊन बसतात. वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी उतारवयात जास्त दाट असतात, असं मानसशास्त्रही सांगतं. उलट मुलं बोलतात ती शेवटच्या आजारपणाबद्दल. कोणत्या तारखेला दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, रात्री कोण थांबलं, प्राणवायूची पातळी किती होती. हे सगळं त्यांना सांगायचं असतं आणि आपण ते पूर्ण ऐकायचं असतं. ते मधेच तोडणं क्रूरपणाचं आहे. पण ते पानावर घ्यायचं नाही असं मी ठरवलं. ऐंशी वर्षांच्या आयुष्याचं अर्धं पान शेवटच्या दोन आठवड्यांनी खाऊन टाकावं, हे मला पटत नव्हतं. तारुण्य मित्रांकडून मिळालं, शेवट मुलांकडून. मधली चाळीसएक वर्षं, म्हणजे नेमकी वसाहतीत काढलेली, कुणाकडेच नव्हती. ती शोधायला शेजारी, सहकारी आणि एकेकाळची शाळकरी मुलं, जी आता स्वतःच पन्नाशीला आली आहेत, त्यांच्याकडे जावं लागलं.

बायकांच्या पानांवर हे फार जाणवलं. घरच्यांनी लिहून दिलेल्या मजकुरात नवऱ्याची नोकरी, मुलांची शिक्षणं, नातवंडांची संख्या आणि शेवटी ‘सुगृहिणी’. वर्तमानपत्रांनीही वेगळं काही केलेलं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2018 मध्ये कबूल केलं, की 1851 पासूनचे त्यांचे मृत्युलेख प्रामुख्याने गोऱ्या पुरुषांचे होते. मग राहून गेलेल्यांवर त्यांनी मागाहून मृत्युलेख लिहायला घेतले. पहिल्याच तुकडीत मधुबाला होती, पुढे पंडिता रमाबाईही आल्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. एवढ्या मोठ्या बाईची दखल घ्यायला त्या वर्तमानपत्राला जवळपास शंभर वर्षं लागली, तर आमच्या काकूंचं काय!

एका काकूंबद्दल त्यांच्या यजमानांना सांगण्यासारखं फारसं काही सुचेना. ‘घर बघायची,’ एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. शेजारणींकडे गेले तर प्रत्येकीने आतून एकेक फाइल काढून आणली. कुणाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज, कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा, कुणाचा विम्याचा. अर्ध्या वसाहतीच्या कागदांवर त्यांचंच अक्षर होतं. दुपारी, घरातली माणसं कामावर गेली की हे चालायचं. यजमानांना मी त्यातले दोन कागद दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ वाचले आणि विचारलं, ‘हे कधी करायची ती?’

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती वसाहतीतल्या सर्वांत भांडखोर गृहस्थांच्या पानावर. मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने तेही एव्हाना ‘तत्त्वनिष्ठ’ आणि ‘स्पष्टवक्ते’ झाले होते. मृत्युलेखांची स्वतःची अशी एक सांकेतिक भाषा असते आणि ती सगळीकडे सारखीच आहे. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चे मृत्युलेख 1986 पासून काही वर्षं सांभाळणारे ह्यू मॅसिंगबर्ड या भाषेसाठी प्रसिद्ध होते. ‘मैफलीत रमणारे’ लिहिलं की वाचकाने पिणारे समजायचं, ‘मूर्खांची गय न करणारे’ म्हणजे तापट. आपल्याकडचा कोशही काही छोटा नाही. शिस्तप्रिय म्हणजे घर धाकात ठेवणारे. काटकसरी म्हणजे काय ते सांगायला नको. मनमोकळ्या म्हणजे कुणाचंही गुपित ज्यांच्या पोटात राहत नसे त्या. हरहुन्नरी म्हणजे कोणत्याही नोकरीत न टिकलेले.

मला हा मार्ग नको होता. गंमत म्हणून ठीक आहे, पण जाणकार हसतात आणि घरचे फसतात. दुसऱ्या टोकाला जाऊन उट्टं काढण्यातही अर्थ नव्हता. मी सरळ लिहिलं: वसाहतीतल्या बहुतेकांशी त्यांचं एकदा तरी भांडण झालं. पाण्याच्या टाकीवरून, जिन्यातल्या दिव्यावरून, हिशेबातल्या लहानसहान रकमांवरून. तक्रारीची प्रत ते स्वतःजवळ ठेवत आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी स्मरणपत्र देत. त्यांच्या हयातीत टाकी वेळच्या वेळी धुतली जात होती. मुलाला हे अजिबात आवडलं नाही, भांडणाचं वाक्य काढा म्हणाला. त्यांच्या पत्नी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘राहू दे. नाहीतर लोकांना वाटेल दुसऱ्याच कुणाचं आहे.’ ते वाक्य राहिलं, पण मुलगा पुस्तिका घ्यायला आला नाही, हेही सांगायला हवं.

यातून शेवटचा शब्द कुणाचा हा प्रश्न आलाच. आम्ही ठरवलं ते असं: नाव, तारीख, नातं, नोकरी यांतल्या चुका घरच्यांनी सुधारायच्या. खाजगी गोष्ट सगळ्यात जवळच्या माणसाने काढा म्हटलं तर काही न विचारता काढायची. मात्र दुसऱ्या कुणी स्वतःच्या नावाने सांगितलेली आठवण केवळ आवडली नाही म्हणून निघणार नाही. जवळचं माणूस कोण, यावर दोन ठिकाणी तंटा झाला. त्याचा तपशील इथे नको. तारखांचा घोळ मात्र घरोघर निघाला. कागदावरची जन्मतारीख एक, घरातली दुसरी, आणि दोन्ही छातीठोकपणे सांगणारी माणसं एकाच खोलीत. आम्ही घरातली घेतली.

मृत्यूचं कारण कुणाच्याच पानावर लिहायचं नाही, हा नियम एका तरुण मुलामुळे झाला. त्याने आत्महत्या केली होती. त्याचं पान वगळावं असं काहींचं म्हणणं होतं, काहींना ‘अपघाती निधन’ लिहायचं होतं. आत्महत्येबद्दल कसं लिहावं याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आहेत: पद्धत, जागा यांचं वर्णन करू नये, एकच एक कारण चिकटवू नये, त्या कृतीचं उदात्तीकरण करू नये. त्या मी वाचल्या, आईवडिलांनाही वाचायला दिल्या. फक्त त्याच्याच पानावर कारण गाळलं असतं तर ती रिकामी जागाच बोलली असती. म्हणून सगळ्यांच्याच पानावरून कारण काढलं. मग त्याच्या पानावर त्याचं बुद्धिबळ आलं, हरल्यावर पट आवरून न ठेवण्याची सवय आली, आणि शेजारच्या लहान मुलीला त्याने शिकवलेली पहिली खेळी आली. त्याच्या वडिलांनी कच्चा मजकूर वाचून फक्त एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

एका भाडेकरूचं पान सगळ्यात उशिरा झालं. एकटे राहायचे, नातेवाईक कुणी आले नाहीत, सामान घरमालकाने हलवलेलं. त्यांच्याकडे जाणं-येणं असलेलं असं कुणीच नव्हतं. टपाल देणाऱ्याला विचारलं, पेपर टाकणाऱ्या मुलाला विचारलं, खालच्या मजल्यावरच्या पोरांना विचारलं. टपाल फक्त बँकेचं यायचं. पेपरचे पैसे महिना संपायच्या आत, पाकिटात घालून. पोरांना मात्र बरंच ठाऊक होतं. सायकलची साखळी उतरली की ती त्यांच्याकडे जायची. ते साखळी चढवून द्यायचे नाहीत, शेजारी उभं राहून चढवायला लावायचे, हात काळे झाले की स्वतःचा रुमाल द्यायचे. ते मूळचे कुठले, आधी काय करायचे, कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही पानावर तसंच लिहिलं. कच्ची पानं वाचनासाठी लावली तेव्हा त्यांच्या पानाखाली चार जणांनी पेन्सिलीने भर घातली. त्यातल्या दोन आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एक म्हणे ते कधीच गात नसत, दुसरी म्हणे पहाटे गुणगुणत. दोन्ही छापल्या, सांगणाऱ्यांच्या नावांसकट.

याच्या उलट अडचण संस्थापकांची. त्यांच्याबद्दल इतका मजकूर जमला, की एका पानासाठी बहुतेक सगळा टाकावा लागला. सत्कार, पदं, उद्घाटनं सगळी गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात गेलेल्यांची जी छोटी शब्दचित्रं छापली, ती साधारण 200 शब्दांची असत. मोठ्या पदावरचा असो की स्वयंपाकघरात राबणारा, प्रत्येकाची एखादी सवय किंवा आवड धरून लिहिलेली. त्यावर टीकाही झाली, की त्यांतलं प्रत्येक माणूस सुखी आणि गोडच कसं. ती टीका मला मान्य आहे. पण लांबी ठरलेली असली की काय ठेवायचं ते तुम्हाला निवडावंच लागतं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. संस्थापकांच्या पानावर शेवटी राहिलं ते हे, की वसाहतीचा पहिला नकाशा त्यांनी घड्या घालून घालून फाटेपर्यंत खिशात बाळगला होता आणि प्रत्येक नव्या माणसाला तो दाखवताना त्यात नसलेलं एक झाडही बोटाने दाखवायचे. काकांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी सत्कारांची यादी स्वतंत्र छापून वाटली. काही बिघडलं नाही.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. मोबाइलवरून साधं पाठवलेलं छायाचित्र आकसून येतं, छपाईत धुरकट दिसतं. मूळ फाइलच मागून घ्यावी. जुनी कागदी छायाचित्रं 600 डीपीआयला स्कॅन करून लगेच परत द्यावीत आणि मागची बाजूही स्कॅन करावी, बरेचदा नावं तिथेच लिहिलेली असतात. ध्वनिमुद्रणं दोन ठिकाणी ठेवली, तिसरी प्रत वसाहतीबाहेर. ज्यांनी पुसून टाका म्हटलं, त्यांची त्यांच्यासमोर पुसली.

पुस्तिका वाटून झाली आणि मला वाटलं, सुटले. पण आता वसाहतीत एक नवीनच सुरू झालं आहे. लोक जिवंतपणी स्वतःचा मजकूर आणून देऊ लागलेत. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून आल्या, हातात वहीचे फाडलेले कागद. ‘आमच्या मुलाला विचारू नका, त्याला काही माहीत नाही,’ म्हणाल्या. मी बघितलं तर चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. आजी, प्रत्येकाला एकच पान आहे, म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या टेबलावरचा लाल पेन उचलला.

‘मग आत्ताच बसून कापू या. मागाहून तू भलतंच कापशील.’